कोपरामागची शीर

दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत सणक जाते. आपल्याला वाटतं हाडाला लागलं. लागलेलं असतं अल्नर नावाच्या मज्जातंतूला. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत, कातडीच्या लगेच खाली तो असतो. मराठीत आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि यालाही, त्यामुळे ‘शीर दबली’ म्हटल्यावर नेमकं काय दबलं ते समजत नाही. ते हाताकडे पाहून समजतं.

करंगळी आणि अर्ध्या अनामिकेची संवेदना या तंतूकडे असते, शिवाय पंजातले बहुतेक बारीक स्नायूही तोच चालवतो. तो दुखावला की कुलपात किल्ली फिरवताना चिमूट सुटते. हाताच्या मागे, अंगठा आणि तर्जनीमधला उंचवटा खोल जातो.

पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५ मध्ये, फ्रान्सच्या ज्यूल फ्रोमाँ यांनी यासाठी एक साधी चाचणी सांगितली. अंगठा सरळ ठेवून तर्जनीच्या कडेला कागद दाबून धरायचा आणि समोरच्याने तो ओढायचा. अल्नर दुबळा असेल तर अंगठ्याचं पेर टचकन वाकतं, कारण कागद धरून ठेवायला आता दुसऱ्या, मीडियन तंतूवरचा स्नायू धावून आलेला असतो. एवढ्याशा कागदाने एवढं सांगावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

दंडाच्या हाडाला मागून वळसा घालणारा रेडियल हा तिसरा तंतू दुखावला, तर चित्र अगदी वेगळं असतं. दंडाचं हाड मोडल्यावर किंवा खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोप लागल्यावर मनगट लुळं लटकतं. मूठही ढिली पडते, बोटं वळवणारे स्नायू शाबूत असूनही! मनगट पूर्ण खाली वाकवून मूठ आवळून पाहा, कारण लगेच कळेल.

आपल्याकडे अल्नरला सर्वांत जपावं लागतं ते कुष्ठरोगात. जगात दरवर्षी नोंदवल्या जाणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात. या जंतूंना शरीराचा थंड भाग मानवतो आणि कोपराजवळचा हा तंतू कातडीलगत असल्याने त्यांच्या तावडीत सापडतो. तो दोरीसारखा जाड होऊन बोटाला लागतो. दुखेलच असं नाही. भाकरी उलटताना करंगळी तव्याला टेकते, चटका जाणवत नाही आणि फोड संध्याकाळी दिसतो. असा फोड किंवा अंगावर बधिर चट्टा दिसला तर दिवस घालवू नका. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, आणि तंतूचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल तर स्टेरॉइडने शक्ती परत येण्याची आशा असते. उशीर झाला तरी हात अगदीच वाया जात नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस अशा हातांत चांगल्या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) वळवून बोटं पुन्हा कामाला लावली.

अपघातात तुटलेला तंतू शिवला तरी तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. कोपरापासून पंजापर्यंत पोचायला वर्षाच्या आसपास लागतं. वाटेत एक वळण असं येतं, की रुग्ण घाबरतो: करंगळी आणि अनामिका आधीपेक्षा जास्त आकडीसारखी वळतात. पण बोटं वळवणारे स्नायू कोपराजवळ असतात, त्यांच्यात जीव आधी येतो. बोटं सरळ करणारे पंजातले स्नायू अजून वाट पाहत असतात. तंतू खाली सरकतोय, याचीच ती खूण असते.