तीन हजार मिलिमीटरच्या आड

मे महिन्यात कोकणातल्या सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) वाड्यांना टँकर लागतो. कातळातल्या झऱ्यापाशी बायका वाटी-वाटीने हंडा भरतात, एका हंड्याला तास जातो. जुलैत त्याच वाडीची पायवाट वहाळाखाली असते. जांभा दगड पाणी धरत नाही, समुद्र हाकेवर. हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

हवामान बदलाची चर्चा जोर धरू लागली ती 26 जुलै 2005 नंतर. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस कोसळला, त्याच सुमारास महाडकडे जुई, दासगावात दरडी आल्या. मग जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ, मे 2021 मध्ये तौक्ते आणि दोनच महिन्यांनी चिपळूणचा पूर, तळियेची दरड. अरबी समुद्र तापतो आहे. हवा 1 अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पाऊस येतो तो तुटून पडतो, आणि मधली उघडीप लांबण्याची भीती वाढते.

खरा घोळ शब्दांचा आहे. हंगामाचा पाऊस सरासरीहून 26 टक्के किंवा अधिक घटला, तर हवामानाच्या हिशेबात दुष्काळ. 2016 पासून हवामान खात्यात तो शब्दही गेला, 'तुटीचे वर्ष' आले. कोकणाची सरासरी 3000 मिमीच्या आसपास. त्यातला पाव हिस्सा बुडाला तरी जे उरते ते मराठवाड्याच्या सरासरीच्या तिप्पट. महसुली कागदावर वर्षानुवर्षे पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, 50 च्या खाली यावी लागे. भात पिकले की ती वर राही, विहिरीने मार्चमध्ये तळ गाठला तरी. मग कोकणाच्या नावापुढे 'टंचाई' लागते. टंचाईत टँकर मिळतो. महसुलातली सूट, कर्जाचे पुनर्गठन, मुलांची परीक्षा फी माफ होणे, हे सगळे 'दुष्काळा'च्या खात्यात. हा अन्याय आहे असे मला स्पष्ट वाटते.

अतिवृष्टीचेही तेच. भरपाईसाठी दिवसाला 65 मिमीची अट जुलैत इथे सहज ओलांडली जाते. ऑक्टोबरात कापून पसरलेल्या भातावर 40 मिमी पडले, तर लोंबीला मोड येतात, पण अट पुरी होत नाही.

2025 मध्ये पावसाळा 26 मेलाच मुंबईत पोचला. तरव्याची (भाताच्या रोपांची) जमीन नांगरायला अनेकांना वाफसाच, म्हणजे नांगरण्याजोगी ओलच, मिळाली नाही.