सनी ओझुना

ओझुना, सनी : (८ सप्टेंबर १९४३ – ). अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ शहराचे मेक्सिकन-अमेरिकन गायक. मूळ नाव इल्डेफोन्सो फ्रागा ओझुना. इंग्रजीतील सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचे भावगर्भ लोकप्रिय संगीत) आणि स्पॅनिशमधील पोल्का (जलद नृत्यगीत), बोलेरो (संथ प्रेमगीत), रांचेरा (मेक्सिकन ग्रामीण धाटणीचे गीत) हे सारे त्यांनी एकाच वाद्यवृंदासह आणि सारख्याच जिव्हाळ्याने गायले. १९६३ मध्ये ‘टॉक टू मी’ या गाण्याने ते देशभर पोचले. चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन श्रोत्यांच्या मनात मात्र ते रुजले ते त्यानंतरच्या, फारसा गाजावाजा न होता निघालेल्या तबकड्यांमुळे.

त्यांचा आवाज समजून घ्यायचा तर आधी त्यांचे शहर पाहावे लागते. सॅन अँटोनिओच्या आसपास मोठे लष्करी तळ होते. देशाच्या कानाकोपऱ्यातून सैनिक येत आणि त्यांच्यामुळे रात्रीचे क्लब भरत. शहराच्या पूर्वेकडील कृष्णवर्णीय वस्तीत रिदम अँड ब्लूज वाजत असे. पश्चिम व दक्षिण भागांतील मेक्सिकन वस्त्यांत अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो या बारा तारांच्या वाद्यावरचे कोन्हुंतो संगीत होते, तसेच सॅक्सोफोन-ट्रम्पेटचे मोठे ‘ओर्केस्ता’ही होते. १९५० च्या दशकात शाळकरी वयात असलेल्या मुलांनी हे सगळे एकदमच ऐकले. त्यातून जे घडले त्याला पुढे ‘वेस्ट साइड साउंड’ म्हटले गेले : सॅक्सोफोनांचा दाट थर, हॅमंड ऑर्गन आणि प्रत्येक मात्रेचे तीन भाग करत संथपणे झुलणारी लय. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला ही लय परकी वाटत नाही. द रॉयल जेस्टर्स, रूडी अँड द रेनो बॉप्स हे गट याच काळातले, याच शहरातले.

बरबँक हायस्कूलमध्ये असताना, १९५९ च्या सुमारास, सनी यांचा ‘सनग्लोज’ हा गट उभा राहिला. काही स्थानिक तबकड्यांनंतर त्यांनी ‘टॉक टू मी’ गायले. जो सेनेका यांनी लिहिलेले हे गाणे १९५८ मध्ये लिटल विली जॉन यांनी लोकप्रिय केले होते. मूळ गाण्यातली आर्जवी ओढ सनी यांनी जपली, पण आवाज अधिक कोवळा, जवळजवळ कुजबुजल्यासारखा ठेवला. ह्यूस्टनचे निर्माते ह्युई मो यांनी ते आपल्या ‘टिअर ड्रॉप’ कंपनीतर्फे देशभर नेले आणि १९६३ च्या शरद ऋतूत ते ‘बिलबोर्ड’ या संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या पहिल्या शंभरात ११ व्या क्रमांकापर्यंत चढले. डिक क्लार्क यांच्या ‘अमेरिकन बँडस्टँड’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सनी झळकले. तेथे गाणारे पहिले तेहानो, म्हणजे टेक्ससचे मेक्सिकन-अमेरिकन, गायक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तेव्हा ते विशीचे होते.

याच सुमारास गट फुटला. ‘सनग्लोज’ हे नाव ड्रमवादक मॅनी गेरा यांच्याकडे राहिले. सनी यांनी ‘सनलायनर्स’ हा नवा संच बांधला. ‘रॅग्ज टू रिचेस’ हे पुढचे गाणेही राष्ट्रीय यादीत आले, पण पहिल्याइतके यश पुन्हा मिळाले नाही. १९६४ पासून ब्रिटिश गटांची लाट आली आणि अमेरिकेतल्या प्रादेशिक गायकांसाठी राष्ट्रीय बाजारात जागा कमी होत गेली.

यानंतरचा काळ हाच त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत कसदार भाग म्हणावा लागेल. सॅन अँटोनिओतच ‘की-लॉक’ या स्वतःच्या लेबलवर, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी, ते ध्वनिमुद्रण करू लागले. मोठ्या कंपनीची सक्ती नसल्याने कोणत्या भाषेत गायचे हे ठरवणारे ते स्वतः होते. ‘स्माइल नाऊ, क्राय लेटर’, ‘पुट मी इन जेल’, ‘शुड आय टेक यू होम’ ही इंग्रजी गाणी याच वर्षांतली. यांपैकी पहिल्या गाण्यात मागून येणारा समूहस्वर, वाद्यांनी सोडलेली मोकळी जागा आणि दुःख ओरडून न सांगता दाबून धरणारा सनी यांचा आवाज यांचा मेळ विलक्षण आहे. चिकानो सोलचा एकच नमुना ऐकवायचा असेल तर हाच ऐकवावा.

याच संचासह त्यांनी ‘कारिन्यो नुएवो’सारखी स्पॅनिश गाणी लोकप्रिय केली. टेक्ससच्या नृत्यगृहांत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एकत्र येत. पोल्कावर फेर धरणारी जोडपी थोड्याच वेळात इंग्रजी सोलच्या संथ नाचासाठी तिथेच थांबत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस चिकानो हक्कांची चळवळ जोर धरू लागली, तेव्हा ‘ला ओंदा चिकाना’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संगीतप्रवाहात तेहानो गायक लिटल जो यांच्या बरोबरीने सनी यांचेही नाव घेतले जाऊ लागले.

कॅलिफोर्नियात त्यांच्या इंग्रजी गाण्यांना वेगळेच आयुष्य लाभले. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात जमिनीलगत झुकवलेल्या, चकाकत्या ‘लोरायडर’ गाड्या संथपणे फिरवण्याची प्रथा आहे, आणि त्या गतीला हीच गाणी साजतात. आर्ट लेबो यांच्यासारख्या निवेदकांच्या आकाशवाणी कार्यक्रमांत लोक जुन्या सोल गाण्यांची फर्माईश करून ती आपल्या माणसांना अर्पण करत. त्यांत तुरुंगात असलेल्या मुलांसाठी, नवऱ्यांसाठी फोन करणाऱ्याही असत. हसरा आणि रडका अशा दोन मुखवट्यांचे चित्र ‘स्माइल नाऊ, क्राय लेटर’ या शब्दांसह गोंदणांत, भित्तिचित्रांत आणि गाड्यांच्या रंगकामात सर्रास दिसते. जाहिरातीचे बळ नसताना एखादे गाणे समाजाने इतके आपलेसे करावे, हे कोणत्याही क्रमवारीपेक्षा मोठे यश आहे.

कार्लोस गुझमान, फ्रेडी मार्टिनेझ आणि अगस्तिन रामिरेझ यांच्यासह ‘द लेजेंड्स’ या नावाने केलेल्या ध्वनिमुद्रिकेला २००१ साली तेहानो विभागातील ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये ब्रुकलिनच्या ‘बिग क्राउन’ कंपनीने ‘मिस्टर ब्राउन आइड सोल’ हा संग्रह काढला आणि संग्राहकांच्या कपाटांत अडकलेली की-लॉकची गाणी नव्या पिढीला सहज मिळू लागली. या संग्रहाचा भर सोल गाण्यांवर आहे. पोल्का आणि रांचेरा गाणारे सनी ऐकायचे, तर सनलायनर्सच्या स्पॅनिश ध्वनिमुद्रिकांकडेच वळावे लागते.