आगूं आणि त्यानंतरची थांबणी

‘लहानपणी आईशी तुमचं नातं कसं होतं? पाच विशेषणं सांगा.’ अमेरिकेतल्या बर्कलीच्या मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात तयार केलेल्या मुलाखतीत हा प्रश्न येतो. विशेषणं पटकन सुचतात. अडतं ते पुढे: ‘प्रेमळ’ म्हणालात ना, मग एखादा प्रसंग सांगा. कुणी सांगतं, ताप आला की आई रात्रभर उशाशी बसायची. कुणी ‘होती प्रेमळ, आता काही आठवत नाही’ म्हणून विषय मिटवतं. कुणी तीस वर्षांपूर्वीचं भांडण कालच झाल्यासारखं उकरत बसतं. बालपण सुखाचं होतं का, याला इथे गुण नाहीत. हालाचं बालपणही धड, सुसंगत सांगता आलं तर ती व्यक्ती ‘सुरक्षित’ गटातच, म्हणजे जवळच्या नात्यांबद्दल मोकळेपणाने बोलू शकणाऱ्यांत, जाते.

लंडनमध्ये पीटर फोनागी आणि स्टील दांपत्याने हीच मुलाखत पहिलटकरणींची घेतली, तीही बाळंतपणाआधी. बाळ वर्षाचं झाल्यावर, आई खोलीबाहेर जाऊन परत आली की ते कसं वागतं, हे पाहिलं. आईजवळ येऊन लवकर शांत होणारं बाळ ‘सुरक्षित’. 1991 साली छापलेला निकाल: आईच्या मुलाखतीवरून बाळ ‘सुरक्षित’ ठरेल की नाही, हा अंदाज चारांतल्या सुमारे तीन जोड्यांत बरोबर. बाळाचा चेहराही कुणी पाहिला नव्हता तेव्हाचा अंदाज!

आईच्या आठवणींचा असर बाळापर्यंत पोचतो कसा? एक वाट आवाजाची असावी. जोसेफ जाफी, बिॲट्रिस बीबी आणि सहकाऱ्यांनी चार महिन्यांच्या बाळांचे हुंकार, आईचे बोल आणि मधल्या थांबण्या सेकंदाच्या अंशात मोजल्या. दोघांचा ताल जितका जुळेल तितकं नातं घट्ट, असं मलाही वाटलं असतं. 2001 साली त्यांनी मांडलं ते वेगळंच: वर्षाअखेर सुरक्षित ठरलेल्या बाळांचा ताल आईशी मध्यमच जुळत होता. फार ढिला ताल अडचणीचा, तसा फार घट्टही. अति जुळवून घेण्यात त्यांना सावधपणा दिसला, जणू दोघं एकमेकांवर पाळत ठेवून आहेत.

या दोन अभ्यासांत सांधा मात्र पुरता बसलेला नाही. लायडनच्या मारिनुस व्हान आयझेंडोर्न यांनी 1995 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आई किती वेळेवर आणि नेमका प्रतिसाद देते, यातून आईकडून बाळाकडे जाणाऱ्या या वारशाचा थोडाच भाग उलगडला.

एवढं मात्र दिसतं, की खेळता खेळता बाळ मान फिरवतं तेव्हा ते बहुधा रुसलेलं नसतं, दम खात असतं. एखादी आई तेवढ्यात खुळखुळा वाजवत त्याच्या तोंडासमोर येते. दुसरी गप्प राहते. मग बाळच वळून म्हणतं, ‘आगूं.’