गुरांच्या खुराकाची पातळी आणि मांसाची प्रत

मांसासाठी पाळलेल्या गुराला वाढीच्या कोणत्या टप्प्यावर किती ऊर्जेचा खुराक मिळाला, यावर कत्तलीनंतरच्या सोललेल्या धडाचे वजन, त्यातील हाड, मांस व चरबी यांचे प्रमाण आणि मांसाचा मऊपणा, रंग व चव बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

शरीराचे सर्व भाग एकाच वेगाने वाढत नाहीत. आधी हाडे, मग स्नायू आणि शेवटी चरबी हा वाढीचा क्रम केंब्रिज येथील पशुवैज्ञानिक जॉन हॅमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला. चरबी साठण्यालाही क्रम असतो. मूत्रपिंडे व आतडी यांच्याभोवती ती लवकर जमते, कातडीखाली त्यानंतर, आणि स्नायूच्या आत जाळीसारखी पसरणारी चरबी, म्हणजे ‘मार्बलिंग’, सर्वांत उशिरा ठळक होते. खुराक वाढवल्याने हा क्रम फारसा बदलत नाही. प्रत्येक टप्पा अलीकडे येतो, इतकेच. त्यामुळे एकाच जातीची व सारख्या वजनाची दोन जनावरे तोलली, तर भरपूर खाल्लेले जनावर वयाने लहान आणि बहुधा अधिक चरबीचे निघते. लवकर पक्व होणारी अँगस जात सारख्याच खुराकावर शॅरोले जातीपेक्षा आधी चरबी धरते.

धान्यावर पोसलेल्या गुरांत धडाचा उतारा जिवंत वजनाच्या सुमारे 60 ते 63 टक्के पडतो, तर केवळ चाऱ्यावरील गुरांत तो कमी असतो, कारण त्यांच्या पोटात न पचलेली वैरण अधिक असते. मात्र नुसत्या उताऱ्यावरून प्रत ठरवणे फसवे आहे: वाढीव वजनापैकी बरीचशी चरबी खाटकाला छाटून टाकावी लागते आणि तिच्यावर झालेला खाद्याचा खर्च वाया जातो.

मऊपणाशी खुराकाचा संबंध अनेक वाटांनी येतो. अर्धपोटी जनावर विक्रीच्या वजनाला उशिरा पोहोचते, आणि वाढत्या वयाबरोबर संयोजी ऊतीतील कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे बंध पक्के होत गेल्याने मांस चिवट होते. शिवाय अंगावर चरबीचा थर नसलेले धड शीतगृहात फार लवकर थंड होते. स्नायूचा सामू (आम्लतेचे माप, पीएच) 6 च्या खाली येण्याआधीच तापमान 10 अंश सेल्सिअसखाली गेले, तर स्नायुतंतू आखडतात आणि चांगले मांसही कडक होते. कत्तलीपूर्वीची उपासमार व ताण यांनी स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे ज्यापासून कत्तलीनंतर आम्ल तयार होते तो साखरेचा साठा, संपले, तर सामू नेहमीच्या 5.5 च्या आसपास उतरत नाही. असे मांस काळपट दिसते व लवकर नासते. मार्बलिंगमुळे रसदारपणा व चव वाढते, पण मऊपणातील फरकाचा अल्पच भाग तिच्यामुळे स्पष्ट होतो, हे प्रतवारीच्या बोलबाल्यात विसरले जाते.

हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनमुळे गुरांची चरबी पिवळसर होते, धान्यावर ती पांढरी राहते. गवतावरील मांसात ओमेगा-3 मेदाम्लांचे प्रमाण अधिक असते.

अमेरिकेत प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशी प्रतवारी मुख्यतः मार्बलिंग व वयाची पक्वता पाहून करतात. म्हणून तेथे शेवटचे काही महिने गुरे फीडलॉटमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या खाद्यवाड्यांत, मक्यावर पोसली जातात. खुराक घाईने वाढवला तर पोटात आम्लता होते व यकृतात गळवे धरतात. जपानमध्ये वाग्यू गुरे सुमारे अडीच वर्षांची होईपर्यंत पोसतात आणि मधल्या काळात मार्बलिंग वाढावे म्हणून खाद्यातील जीवनसत्त्व ‘अ’ कमी ठेवतात. हे अती झाले तर जनावर आंधळे होते. आयर्लंडमध्ये उलट हिवाळ्यात मुरघासावर खुराक बेताचाच ठेवतात. वसंतातील कुरणावर ही गुरे झपाट्याने भरून निघतात.

महाराष्ट्रात गायीप्रमाणेच बैल व वळू यांच्या कत्तलीलाही 2015 पासून बंदी असल्याने येथे हा विषय म्हैसवर्गापुरता उरतो. दूध विकले जात असल्याने रेडकाच्या वाट्याला ते थोडेच येते, आणि कत्तलीला जाते ते बहुतेक भाकड किंवा उतारवयातील जनावर. साहजिकच मांस कमी चरबीचे व जाड धाग्याचे असते. म्हैस कॅरोटीनचे जीवनसत्त्व ‘अ’ मध्ये रूपांतर करते, त्यामुळे तिच्या चरबीचा पांढरा रंग पाहून ती कशावर पोसली हे ओळखता येत नाही.