अंजिराच्या परफ्यूमला अंजिराचा वास का येत नाही

हिरव्या अंजिराचा परफ्यूम पहिल्यांदा लावणारा माणूस बहुतेक वेळा मनगट दोनदा हुंगतो. नाव अंजिराचं, खोक्यावर चित्र अंजिराचं, आणि नाकात शिरतो तो मात्र कडसर, हिरवट, टोमॅटोच्या देठाशी नातं सांगणारा वास. दहा-पंधरा मिनिटांत तो कडवटपणा निवतो आणि खालून काहीतरी दुधट वर येतं. तासा-दोन तासांनी उरतं ते कोरडं, उन्हात तापलेलं लाकूड. पिकलेलं, मधाळ, बारीक बियांचं फळ या सगळ्यात जवळपास भेटतच नाही. बाटली चुकली की काय, अशी शंका येते. बाटली बरोबर असते. हा वास मुळात अख्ख्या झाडाचा म्हणून रचलेला आहे, आणि तसा तो का रचावा लागला याची कारणं अर्धी झाडातच आहेत.

अंजीर म्हणून आपण खातो ते काटेकोर अर्थाने फळ नाही. ती आतल्या बाजूला वळलेली फुलांची थैली. शेकडो बारीक फुलं आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि टोकाला एक इवलंसं छिद्र असतं. त्यातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते आणि परागीकरण उरकते. लागवडीतल्या अनेक जातींना तर तिचीही गरज पडत नाही. वड, पिंपळ, उंबर याच कुळातले, म्हणून तर उंबराचं फूल कोणाच्या दृष्टीला पडत नाही. गुलाब किंवा जाईसारखं उघड्यावर फुललेलं फूल नाही, त्यामुळे फुलाचा अर्क काढण्याचा प्रश्नच उरत नाही. फळाचा वासही इतका मंद, की त्यातून परफ्यूमच्या कामाचं तेल निघत नाही.

वास आहे तो पानात, देठात आणि चिकात. पान पसरट, बोटांसारखं चिरलेलं आणि वरून इतकं खरखरीत की हात फिरवला तर अडकतो. देठ मोडला की पांढरा चीक टपोऱ्या थेंबासारखा वर येतो आणि बोटाला लागला की बघता बघता चिकट होतो. पान चुरगाळलं की आधी येतो तो कापलेल्या गवताचा वास, जो कुठल्याही हिरव्या पानाला येतो. पेशी फुटल्या की पानातली विकरं मेदाम्लांचे तुकडे करतात आणि काही सेकंदांत हेक्सेनाल, हेक्सेनॉल अशी हलकी द्रव्यं सुटतात. त्याच्या मागोमाग अंजिराचं स्वतःचं काहीतरी येतं: कडू, थोडं तिखट, आणि त्याच दमात दुधाळ. पान वाळलं की कूमारिन या द्रव्यामुळे वाळल्या गवताचा गोडवा चढतो. आणि भर उन्हाळ्यात तर झाडाला हातही लावावा लागत नाही, दुपारी खाली उभं राहिलं की हा वास हवेतच असतो. भूमध्य समुद्राच्या काठावर वाढलेल्यांना अंजिराचा परफ्यूम आवडतो तो या सावलीसाठी.

माणसाचं आणि या झाडाचं जमलं त्यालाही फार काळ लोटला. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिल्गाल या ठिकाणी कोळसा झालेली अंजिरं सापडली, सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची. ती परागीकरणाशिवाय धरणाऱ्या जातीची आहेत, म्हणजे कोणीतरी फांद्या मुद्दाम लावल्या असणार, असा दावा २००६ मध्ये संशोधकांनी मांडला. तो खरा धरला तर अंजिराची लागवड धान्याच्याही आधीची ठरते. चिकात फिसिन नावाचं विकर असतं, त्याने दूध साकळतं. प्राचीन ग्रीक लोक अंजिराच्या चिकाने चीज लावत. तेव्हा अंजिराच्या परफ्यूममध्ये दुधट वास कशाला घुसडला, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगता येईल की ही जोडी परफ्यूमवाल्यांनी जमवलेली नाही.

मग पानाचाच अर्क का वापरत नाहीत? वापरत होते. विद्रावकाने काढलेला गडद, दाट अर्क सुगंधव्यवसायात होता. अडचण अशी की पानात आणि चिकात सोरालेन आणि बर्गाप्टेन ही द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं, की सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे ती पेशींतल्या डीएनएला चिकटून बसतात. लगेच काही होत नाही. एक-दोन दिवसांनी त्वचा भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात आणि मागे राहिलेले तपकिरी डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. उन्हाळ्यात उघड्या हातांनी अंजिराची छाटणी करणाऱ्यांना हा अनुभव येतो. (याच सोरालेनचा मोजूनमापून वापर डॉक्टर सोरायसिस आणि कोड यांच्या उपचारात करतात, ही त्याची दुसरी बाजू.)

सुगंधव्यवसायाला हा धडा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाने आधीच दिला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोन लावून उन्हात गेलेल्या लोकांच्या मानेवर ओघळाच्या आकाराचे डाग उठत, आणि त्याचं मूळ बर्गमॉटच्या तेलातल्या बर्गाप्टेनमध्ये निघालं. बर्गमॉटमधून ते द्रव्य काढून टाकून तेल वापरात ठेवण्यात आलं. अंजिराच्या पानाला ती सवलत मिळाली नाही, कारण त्याने अ‍ॅलर्जीही होते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने पानाचा अर्क परफ्यूममध्ये वापरायला बंदी घातली. युरोपीय संघाच्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही तो सुगंधद्रव्य म्हणून निषिद्ध यादीत आहे. म्हणजे अंजिराचे प्रसिद्ध परफ्यूम जन्माला येण्याआधीच खरं पान वाटेतून बाजूला झालेलं होतं. आज मनगटावर जे हिरवं पान भेटतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत रचलेलं असतं.

रचायला लागणारं सामान मात्र प्रयोगशाळांच्या फडताळांत बऱ्याच आधीपासून पडून होतं. हिरव्या वासाची परंपरा १९४७ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी जेर्मेन सेलिए या सुगंधकार बाईंनी बालमाँ या फॅशन घराण्यासाठी ‘व्हाँ व्हेर’ केला. त्यात गॅल्बनम या कडू, धारदार राळेचं प्रमाण एवढं होतं की त्या काळच्या नाकांना तो धक्काच होता. १९७१ चा ‘शनेल नंबर १९’ त्याच वाटेवरचा. पण हा हिरवेपणा फुलाच्या देठाचा, ताठ आणि थंड. अंजिराचा हिरवेपणा ऊबदार असतो, आणि तो गॅल्बनमने साधत नाही. ते काम करतं स्टेमोन, गिव्हॉदाँ कंपनीचं एक संयुग. रसायनशास्त्रात त्याचं लांबलचक नाव आहे ५-मिथाइल-३-हेप्टॅनोन ऑक्झाइम. ते इतकं जोरकस असतं की अगदी कणभर घालतात; जास्त झालं तर टोमॅटोची बाग अंगावर येते.

दुधाची बाजू लॅक्टोन वर्गातली द्रव्यं सांभाळतात. यातलं सगळ्यात नावाजलेलं गॅमा-अनडेकालॅक्टोन, पीचच्या वासाचं, जे १९१९ च्या गेर्लाँच्या ‘मित्सुको’मध्ये आहे. व्यापारात त्याला ‘अल्डिहाइड सी-१४’ म्हणतात, आणि ते अल्डिहाइडही नाही आणि त्यात चौदा कार्बनही नाहीत. प्रतिस्पर्ध्यांना चकवायला असं नाव दिलं, असं सांगतात. त्याचंच धाकटं भावंड गॅमा-नोनालॅक्टोन खोबऱ्याच्या वासाचं, आणि त्याहून लहान गॅमा-ऑक्टालॅक्टोन. या शेवटच्याला खोबऱ्यासोबत थोडा वाळल्या गवताचा आणि चिकाचा भास आहे, म्हणून अंजिरासाठी ते फार उपयोगाचं. स्टेमोन, गॅमा-ऑक्टालॅक्टोन आणि खाली देवदाराच्या जातीचं एखादं लाकूड, एवढ्या तीन गोष्टी कागदाच्या पट्टीवर एकत्र आणल्या की अंजिराचं झाड बऱ्यापैकी उभं राहतं. हे आता सुगंधकारांमध्ये उघड गुपित आहे. १९९० च्या सुरुवातीला मात्र ही जुळणी मध्यभागी ठेवून अख्खा परफ्यूम करावा असं कोणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं.

ते आलं ऑलिव्हिया जियाकोबेत्ती यांच्या. फ्रान्समधल्या या तरुण सुगंधकाराने लार्तिझाँ पारफ्यूमर या छोट्या पॅरिसकर घराण्यासाठी १९९४ मध्ये ‘प्रमिए फिगिए’ केला. नावातच ‘पहिलं अंजिराचं झाड’ आहे, आणि ती बढाई नव्हती. काळही अनुकूल होता. १९८० च्या दशकात ‘जॉर्जियो’, ‘पॉयझन’ अशा परफ्यूमनी खोल्याच्या खोल्या व्यापल्या होत्या, आणि लोकांना त्याचा वीट आला होता. १९९२ मध्ये जाँ-क्लोद एलेना यांनी बुलगारीसाठी हिरव्या चहाचा परफ्यूम करून दाखवला, त्याच वर्षी ‘लो द’इसे’ने पाण्याच्या वासाची लाट आणली. अंगाला घमघमाट नको, एखाद्या ठिकाणची हवा हवी, अशी मागणी तयार झाली होती. ‘प्रमिए फिगिए’ त्यात बसला, पण तो पाणीदार नव्हता. त्यात बदाम आणि नारळाच्या दुधाचा, चंदनाचा मऊपणा आहे. पान आहे, पण दुधात बुडवलेलं.

दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच जियाकोबेत्तींनी दिप्तिकसाठी ‘फिलोसिकॉस’ केला, आणि लोकांच्या डोक्यात हिरव्या अंजिराचं जे चित्र आहे ते मुख्यतः इथलं. दिप्तिक हे १९६१ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार सँ-जेर्मँवर तिघा मित्रांनी काढलेलं दुकान. आधी कापडं, मग मेणबत्त्या, मग सुगंध. या मित्रांच्या ग्रीसमधल्या पेलियन डोंगरावरच्या उन्हाळ्यांची आठवण ‘फिलोसिकॉस’च्या मुळाशी आहे. एकाच सुगंधकाराने एकाच झाडावर दोनदा काम करावं आणि दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा वेगळं सांगावं, हे या धंद्यात क्वचितच होतं. पहिल्यात जियाकोबेत्ती झाडाजवळ बसल्या आहेत असं वाटतं. दुसऱ्यात पान, चीक, साल आणि खालची कोरडी माती अशी उतरत जाणारी मांडणी आहे. माझं मत विचाराल तर ‘फिलोसिकॉस’ची पहिली दहा मिनिटं त्याच्या नंतरच्या चार तासांपेक्षा मोलाची आहेत. तो कडवटपणा नसता तर पुढचं दूध नुसतंच गुळमुळीत वाटलं असतं.

तिसरा टप्पा २००३ चा. एर्मेससाठी एलेना यांनी ‘अँ जार्दाँ आँ मेदितेराने’ केला तो ट्युनिशियातल्या हम्मामेतमधली एक बाग डोळ्यांपुढे ठेवून. ही बाग लैला मेन्शारी यांची. एर्मेसच्या पॅरिसमधल्या दुकानाच्या खिडक्या सजवण्यासाठी त्या प्रसिद्ध होत्या. त्या सुगंधात अंजिराचं पान लिंबूवर्गीय फळांच्या आणि नारंगीच्या फुलांच्या शेजारी उभं आहे, दूध जवळपास पुसलेलं. या परफ्यूमने अंजिराचं पान मोठ्या दुकानांतल्या गिऱ्हाइकापर्यंत नेलं. त्यानंतर मिलर हॅरिस, अक्वा दी पार्मा, रॉजे अँड गॅले अशा अनेकांचे अंजिराचे सुगंध ओळीत लागलेले दिसतात, आणि मेणबत्त्यांची तर गणतीच नको.

आता हे मनगटावर नेमकं कसं उलगडतं. हिरवी द्रव्यं हलकी, म्हणून ती आधी उडतात. गरम त्वचेवर तर फारच लवकर. हिरवेपणा ज्यांना जास्त वेळ हवा असतो ते कॉलरवर किंवा ओढणीवर फवारतात, कारण कापड अंगाएवढं तापत नाही. लॅक्टोन मध्यम वजनाची, तासन्‌तास टिकतात. काही जणांना हा टप्पा सुखाचा वाटतो, काहींना उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीमची आठवण येते, आणि दोघंही बरोबर असतात, कारण त्या क्रीमांच्या सुगंधात हीच खोबऱ्याची लॅक्टोन असतात. शेवटी उरणाऱ्या लाकडात अनेकदा आयसो ई सुपर असतं, आयएफएफ कंपनीचं १९७० च्या दशकातलं संयुग. त्याची गंमत अशी की नाक त्याला चटकन सरावतं. लावणाऱ्याला वाटतं वास गेला, आणि शेजारी बसलेला विचारतो, काय लावलंयस? पुन्हा फवारण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

गेल्या काही वर्षांत अंजीर गोड होत चाललंय. जॅम, कॅरमेल, व्हॅनिला यांच्या जोडीने पिकलेलं, जांभळं अंजीर विकलं जातं आणि हिरवं पान नावापुरतं उरतं. त्यात वाईट काही नाही, पण तो वेगळाच प्रकार आहे आणि दोन्हींना एकच नाव असल्यामुळे घेणाऱ्याची फसगत होते. बाटली घेण्याआधी वर्णनात ‘अंजिराचं पान’ लिहिलंय की नुसतं ‘अंजीर’, एवढं बघितलं तरी बराच उलगडा होतो. घटकांच्या यादीत मात्र उत्तर शोधू नये. तिथे अ‍ॅलर्जीच्या नियमांमुळे लिनालूल, कूमारिन वगैरे नावं असतात. स्टेमोन, लॅक्टोन ही बहुधा ‘परफ्यूम’ या एका शब्दात गुंडाळलेली असतात. आणि एखाद्या लोशनवर ‘फायकस कॅरिका’ हे झाडाचं शास्त्रीय नाव दिसलंच, तर तो सहसा फळाचा अर्क असतो, त्वचेच्या निगेसाठी घातलेला. वासाशी त्याचा फारसा संबंध नसतो.