बदकं बरी झाली, निदान मात्र चुकलं

1910 साली अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठच्या दलदलीत बदकं लाखोंच्या संख्येनं मेली. आधी पाय लुळे पडायचे, मग पंख, शेवटी मान. मान टाकलेलं बदक पाण्यावर असतानाच बुडून मरायचं. पुढची काही वर्षं हे होतच राहिलं, तेव्हा अलेक्झांडर वेटमोर नावाचा तरुण पक्षीशास्त्रज्ञ तपासासाठी तिथं गेला. आजारी पक्ष्यांना त्यानं स्वच्छ गोडं पाणी दिलं आणि त्यातले पुष्कळ पक्षी खडखडीत बरे झाले. आटत चाललेल्या दलदलीत क्षार वाढले होतेच. निष्कर्ष जणू समोरच मांडून ठेवलेला होता: पाण्यातल्या क्षारांनी विषबाधा.

उपाय लागू पडला, कारण मात्र दुसरंच होतं. 1930 च्या सुमारास खरा अपराधी सापडला, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचं विष. हे विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप अडवतं. विष थोडंच पोटात गेलेल्या पक्ष्याला पाणी आणि विसावा मिळाला, तर तो सावरतो. वेटमोरनं पाहिलं ते खरंच होतं. त्यावरून त्यानं काढलेला अर्थ तेवढा चुकला. जंगली पाणपक्ष्यांच्या साथींचा अभ्यास किती निसरडा असतो, हे मला या गोष्टीइतकं दुसऱ्या कशातून पटलेलं नाही.

या विषानं होणाऱ्या आजाराला बोट्युलिझम म्हणतात. त्याची साथ पसरते कशी, हे तर त्याहून नवलाचं. या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपं, चिखलात वर्षानुवर्षं पडून असतात, धडधाकट पक्ष्यांच्या आतड्यातही असतात आणि तिथं काही करत नाहीत. पक्षी कशानंही मेला, की शरीरात प्राणवायू उरत नाही, कुजणारी प्रथिनं मात्र भरपूर असतात. उन्हाळ्याची ऊब असेल तर जिवाणू झपाट्यानं वाढून विष तयार करतो. त्या कलेवरावर माश्या अंडी घालतात. अळ्यांना विष बाधत नाही, ते त्यांच्या अंगात साठत जातं. मग एखादं भुकेलं बदक येऊन त्या अळ्या टिपतं. मोजक्या चार अळ्याही त्याला पुरतात. ते मेलं की त्याच्यावर पुन्हा माश्या. इथं एका पक्ष्याला दुसऱ्याचा संसर्ग होतच नाही, तरी साथ पेटत जाते.

त्यामुळे मेलेले पक्षी लवकर उचलावेत, असा सल्ला दिला जातो. लहान तळ्यावर ते जमतं. कॅनडातल्या मोठ्या तळ्यांवर अभ्यास झाला, तेव्हा उचलाउचल करूनही बदकांच्या जगण्यात म्हणावा तसा फरक दिसला नाही, कारण पाणगवतात दडलेली बरीच कलेवरं सापडतच नाहीत. काही बुडतात, काही कोल्हे, घारी किंवा गिधाडं संपवतात. म्हणून ‘इतके पक्षी मेले’ असा आकडा वाचताना तो ‘इतके सापडले’ असा वाचावा. नेमकं किती निसटतात हे कळावं म्हणून संशोधक खुणा केलेली कलेवरं मुद्दाम तळ्यावर ठेवतात आणि शोधपथकाला त्यातली किती सापडतात ते मोजतात.

निदानालाही घाई असते. उन्हात दोन दिवस पडलेल्या पक्ष्याच्या ऊतींतून फारसं काही हाती लागत नाही. सगळ्यात उपयोगी पडतो तो नुकताच मेलेला किंवा अजून धुगधुगी असलेला पक्षी. बोट्युलिझमची जुनी, खात्रीची चाचणी अशी: आजारी पक्ष्याच्या रक्तातलं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा पातळ द्रव, दोन उंदरांना टोचायचं, त्यातल्या एकाला या विषाचा उतारा आधीच दिलेला असतो. तो जगला आणि दुसरा मेला, की संशय उरत नाही. 2019 च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले, तेव्हा पहिली शंका बर्ड फ्लूची आली होती. भोपाळच्या प्रयोगशाळेनं ती खोडून काढली आणि बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेनं बोट्युलिझमचं निदान केलं.

काही प्रकरणं मात्र पाव शतक रेंगाळतात. 1994-95 च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या डिग्रे तलावापाशी 29 बाल्ड ईगल जातीचे गरुड मेलेले आढळले. मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली स्पंजसारखा भोकाभोकांचा दिसत होता. जिवाणू नाही, विषाणू नाही, कुठलं ओळखीचं विषही नाही. मग लक्ष गेलं गरुडांच्या खाण्याकडे, म्हणजे आपल्या वारकरी पक्ष्याच्या अमेरिकन भाऊबंदांकडे. तेही झोकांड्या खात होते. ते खात होते हायड्रिला ही पाणवनस्पती, आणि संशोधक सुझन वाइल्ड यांना तिच्या पानांखाली एक अनोळखी सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर जगणारा जिवाणू, सापडला.

पण प्रयोगशाळेत वाढवल्यावर तो निरुपद्रवी निघाला! तलावातल्या पानांवरच्या नमुन्यांत ब्रोमीन असलेलं एक संयुग मिळालं, तेव्हा कुठे उलगडा झाला. प्रयोगशाळेतल्या पाण्यात ब्रोमाइड नव्हतंच. ते घातल्यावर विष तयार झालं. हा शोध प्रसिद्ध झाला 2021 मध्ये. हायड्रिला मारायला फवारलेल्या एका तणनाशकातही ब्रोमाइड असतं, म्हणजे तण काढण्याच्या उपायानंच विषाला कच्चा माल पुरवला असण्याची शक्यता आहे.

बर्ड फ्लूची अडचण उलटी. तिथं मेलेल्या पक्ष्यांइतकंच ठणठणीत पक्ष्यांकडे पाहावं लागतं. रानबदकांच्या आतड्यात फ्लूचे सौम्य विषाणू काही त्रास न देता वाढतात, विष्ठेतून पाण्यात उतरतात आणि थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. म्हणून संशोधक जाळ्यात धरलेल्या निरोगी बदकांच्या घशातून आणि गुदमार्गातून कापसाच्या काडीनं नमुने घेतात. विषाणू सापडला तर संसर्ग आत्ताचा; नुसती रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं, सापडली तर तो येऊन गेलेला.

2022 मध्ये स्कॉटलंडजवळच्या बास रॉक बेटावर बर्ड फ्लूच्या साथीनं गॅनेट या समुद्रपक्ष्यांची वसाहत झोडपली. गॅनेटच्या डोळ्यातलं कडं एरवी फिकट निळं असतं. साथीनंतर काही पक्ष्यांमध्ये ते काळं झालेलं दिसलं. रक्त तपासल्यावर अशा बहुतेक पक्ष्यांत फ्लूची प्रतिपिंडं निघाली. आता त्या खडकावर कोण आजारातून उठला आहे, याचा अंदाज पक्षी न पकडता नुसत्या दुर्बिणीनंही घेता येतो.