उतारवयातील हेवीवेट पुनर्लढत

पूर्वी एकमेकांशी लढलेले दोन हेवीवेट बॉक्सर कारकिर्दीच्या अखेरीस, बहुधा चाळिशीनंतर, पुन्हा रिंगमध्ये उतरतात ती लढत. व्यावसायिक बॉक्सिंगच्या अनेक संघटनांत हेवीवेट गट २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९०.७ किलोंच्या पुढे सुरू होतो. वरची मर्यादा नसल्यामुळे वजन उतरवण्याचा जाच नसतो आणि कारकीर्द लांबते.

सर्वांत बोलकी उदाहरणे माजी हेवीवेट जगज्जेता लॅरी होम्सची. जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथला त्याने १९८४ साली बाराव्या फेरीत हरवले. १९९९ मध्ये पुन्हा गाठ पडली तेव्हा होम्स ४९ वर्षांचा होता, स्मिथ ४६ चा. या वेळी होम्सने लढत आठव्या फेरीतच संपवली. माइक वीव्हर होम्ससमोर १९७९ मध्ये बाराव्या फेरीपर्यंत टिकला होता, २००० मध्ये सहाव्या फेरीपर्यंत. होम्सचा सारा खेळ डाव्या जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशावर उभा होता आणि जॅबला म्हातारपण उशिरा येते. वेगावर जगणाऱ्याचे उलट होते. रॉय जोन्स आणि बर्नार्ड हॉपकिन्स हेवीवेट म्हणून भिडले नाहीत, तरी त्यांची जोडी अभ्यासावी अशी आहे: १९९३ मध्ये जोन्स गुणांवर जिंकला, २०१० मध्ये ४५ वर्षांच्या हॉपकिन्सने वेगावर जगणाऱ्या, ४१ वर्षांच्या जोन्सला गुणांवरच हरवले.

आधी पाय जातात, मग टायमिंग. ठोशातली ताकद बराच काळ राहते. जॉर्ज फोरमनने १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी मायकेल मूररला दहाव्या फेरीत बाद केले, तोवर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर तो मागे होता. म्हणून प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवरच्या दणदणाटावरून तयारी जोखू नये. पॅड अपेक्षित जागीच येतो. खरी परीक्षा स्पारिंगच्या, म्हणजे सरावाच्या लढतीच्या, चौथ्या फेरीनंतर. जॅब मारून डावा हात गालाशी परततो की छातीशी लोंबकळतो? क्लिंच (एकमेकांना कवटाळून धरणे) सुटल्यावर बॉक्सर बाजूला सरकतो की समोरच उभा राहतो? उतरलेल्या वजनालाही भुलू नये. १९८० मध्ये होम्ससमोर उतरलेला ३८ वर्षांचा मुहम्मद अली सडपातळ दिसत होता, पण थायरॉइडच्या गोळ्यांनी त्याचे अंग पोखरले होते. दहाव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्याने, म्हणजे प्रशिक्षक आणि मदतनिसांनी, लढत थांबवली.

लास व्हेगासची शनिवार रात्रीची मुख्य लढत ठाण्या-वाशीत रविवारी सकाळी दिसते. क्लबातल्या मुलांनी तेव्हा निदान दोन फेऱ्या फक्त पाय पाहावेत.

आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धांत वयोमर्यादा ४० आहे. त्यामुळे इथल्या क्लबात जुन्या प्रतिस्पर्ध्यांना पुन्हा भिडायचे असेल तर निकाल न देता स्पारिंग ठेवावे: १६ औंसांचे ग्लोव्ह्ज, दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. हेडगार्ड घालावे, पण त्याने जखमा टळतात, मेंदूचा हादरा नाही. धावण्यासाठी येऊरचा चढ चांगला, मात्र उतरताना चालतच यावे. शंभर किलोंचा माणूस उतारावर धावला की गुडघे आधी बोलतात. नवी मुंबईकरांना नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईचा सपाट ट्रॅक अधिक सोयीचा. मे आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत या वजनाला तासाला लिटरभराहून अधिक घाम जातो. सरावाआधी आणि नंतर वजन करून जेवढे घटले त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी, मीठ घालून, पुढच्या काही तासांत थोडे थोडे प्यावे.

या लढतीत सर्वांत कठीण काम कोपऱ्याचे. भुवईवरचे जुने व्रण किरकोळ घासण्यानेही उघडतात, म्हणून व्हॅसलिन जाड लावावे आणि थंड एन्सवेल (सूज दाबायचा धातूचा तुकडा) हाताशी ठेवावा. विश्रांतीच्या साठ सेकंदांतली पहिली दहा-पंधरा सेकंदे नुसता श्वास घेऊ द्यावा; बोलणे नंतर, आणि सूचना एकच. बॉक्सर स्वतःहून स्टुलापर्यंत आला का, कितवी फेरी हे सांगू शकला का, एवढे पाहिले की बरेच कळते. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात अली आणि जो फ्रेझरच्या तिसऱ्या लढतीत फ्रेझरचा प्रशिक्षक एडी फचने पंधराव्या फेरीआधी फ्रेझरला बसवून ठेवले. फ्रेझर नको म्हणत होता. फच बरोबर होता, कारण डोळे सुजून फ्रेझरला समोरचे ठोसे दिसत नव्हते.

वयाबरोबर मेंदू किंचित आक्रसतो आणि कवटीशी जोडणाऱ्या शिरा ताणल्या जातात. पंचविशीत पचलेला ठोसा म्हणूनच पन्नाशीत रक्तस्राव घडवू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याने स्पारिंगलाही उतरू नये. लढतीनंतर २४ तास कुणीतरी सोबत असावे. वाढती डोकेदुखी, उलटी किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर सकाळची वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.